आईच्या बाजूची वीज

चौदाव्या पायरीवर माझे पाय थांबले. घसरले नाहीत, लटपटले नाहीत, नुसते थांबले. वर आणखी सहा पायऱ्या आणि मग तुटलेला जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, जो बांधायला मी चढत होते. खाली माळेवाडीचं हरभऱ्याचं रान. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता, आणि मी, शाल्मली मगदूम, बारा वर्षं वीज खात्यात वायरमन (आमच्यात बाईलाही वायरमनच म्हणतात), लोखंडी मनोऱ्याला पालीसारखी चिकटून उभी होते.

हल्ली सगळे विचारतात, अजून माणसं कशाला चढतात, ड्रोन आहेत ना? आहेत. ड्रोन येतो, फोटो काढतो, बिघाड कुठे आहे ते गोड आवाजात सांगतो आणि निघून जातो. जंपर बांधायला शेवटी आमच्यातलंच कुणीतरी लागतं.

कमरेचा पट्टा अडकवलेला होता, त्यामुळे पडायची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. मी उजव्या पायाला सांगत होते, उचल. आणि पाय माझं ऐकत नव्हता. खिशातली गूळशेंगदाण्याची चिक्की काढून खाल्ली. काही फरक पडला नाही.

खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला. सबस्टेशनातून इरगोंडाकाका बोलत होते. ते तिथले ऑपरेटर, निवृत्तीला आलेले, पानाचा तोबरा भरूनच बोलणारे.

"ताई, झालं का न्हाई? चार गावचं फोन यायलेत. गिरणीवाला तर शिव्याच द्यायलाय."

"काका, जरा थांबा."

"थांबतो की. एलसी तुमच्या नावावर हाय. तुमी म्हणंस्तवर मी स्विचला बोट लावत न्हाई. पर झालंय काय?"

एलसी म्हणजे लाइन क्लिअर. तारेवर काम करायचं तर आधी ऑपरेटरकडून ती घ्यायची. तो लाइन बंद करतो, स्विचवर 'माणूस काम करत आहे' अशी पाटी अडकवतो आणि वहीत तुमचं नाव लिहितो. मग मंत्री आला तरी ती लाइन चालू होत नाही. ज्यानं एलसी घेतली त्यानंच ती आपल्या तोंडानं परत करायची, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही. हा नियम मोडला गेला तिथं आमची माणसं जळालेली आहेत.

म्हणजे त्या दिवशी वर मी अडकले होते आणि खाली चार गावं माझ्यात अडकली होती. पन्नास मिनिटांनी पाय थोडे हलले, तेही खालच्या दिशेनं. दस्तगीर नावाचा आमचा सहकारी आला, त्यानं आपल्या नावावर नवी एलसी घेऊन दहा मिनिटांत जंपर बांधला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी एलसी परत करताना 'काम अपूर्ण' असं सांगितलं. काकांनी ते लिहून घेतलं आणि काही विचारलं नाही, याचीच मला जास्त लाज वाटली.

पाच आठवड्यांनी माझी मनोरा पथकाची परीक्षा होती. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या लाइनींवर काम करणारं ते पथक. पंचेचाळीस मीटर, न थांबता, बारा मिनिटांत चढायचं. दोनदा माझा अर्ज परत आला होता, तिसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. वयाची अट सदतीस, आणि मला सदतीसावं लागून गेलेलं. विशीपासून मला दुसरं काही नको होतं, आणि आता मला वीस पायऱ्या चढवत नव्हत्या.

कारण मला माहीत होतं. चार दिवसांपूर्वी मी मामाला बाटली दिली होती. आणखी नऊ दिवसांनी आईला द्यायची होती.

ही बाटली काय ते सांगायला हवं.

लोकांना वाटतं, भाकरी खाल्ली की ताकद आली. भाकरी म्हणजे नुसतं सरपण. ते जाळून पेशीला जे चलन लागतं ते बनवावं लागतं. त्याला एटीपी म्हणतात. एका वेळी आपल्या अख्ख्या अंगात हा एटीपी जेमतेम मूठभर असतो, आणि दिवसभरात मात्र आपल्या वजनाइतका बनतो आणि खर्च होतो. म्हणजे तोच रेणू दिवसातून हजार वेळा रिकामा होतो आणि हजार वेळा भरतो. तो साठवता येत नाही. साठवायचं ते दुसऱ्या रूपात: यकृतात आणि स्नायूंत थोडं ग्लायकोजेन, जे दिवसभर पुरतं, आणि चरबी, जी महिनोन्महिने पुरते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लगेच पटलं, कारण आमच्या खात्यातही तेच आहे. तारेत वीज साठत नाही. धरणात पाणी साठतं. वीज लागेल त्या क्षणीच बनवावी लागते.

बनवतात त्या तंतुकणिका. प्रत्येक पेशीत त्या शेकड्यांनी असतात, हृदयाच्या पेशीत हजारोंनी. त्या म्हणजे पेशीतल्या चुलीच. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या स्वतंत्र जीवाणू होत्या, म्हणून त्यांचा डीएनए अजून वेगळा आहे आणि तो फक्त आईकडून येतो. वडिलांच्या बाजूचं त्यात काही नाही. चुली विझत गेल्या की माणूस कितीही खाऊ दे, त्याला शिधा भरपूर आणि स्वयंपाक नाही अशी अवस्था येते. चौदाव्या पायरीवर चिक्की खाऊन माझं तेच झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या हृदयातल्या चुली विझायला लागल्या. औषधानं भागेना. नेमकं तेव्हाच मिरजेत कणिकादान सुरू झालं होतं. दात्याला तीन दिवस आधी एक इंजेक्शन देतात, त्यानं स्नायू आपल्या कणिका रक्तात सोडतात. मग दंडात सुई घालून यंत्रानं त्या वेगळ्या काढतात आणि बाटलीतून रुग्णाला चढवतात. त्या हृदयात जाऊन बसतात आणि चाळीसेक दिवस टिकतात. अट एकच: कणिका आईच्याच वंशातल्या हव्यात, नाहीतर शरीर त्यांना शत्रू समजून मारून टाकतं.

दवाखान्यानं एक पत्रक दिलं होतं. त्यात दोन वाक्यं होती. 'तंतुकणिका आईकडून सर्व अपत्यांना मिळतात. पुढच्या पिढीत मात्र त्या फक्त मुलीच नेतात.' आमच्या घरानं दुसरं वाक्य पाठ केलं आणि पहिलं सोडून दिलं. फक्त मुलीच. मीही तेच वाचलं. वीज खात्यात नोकरी करणारी, सर्किट तोंडपाठ असलेली बाई मी, आणि मला ते वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं नाही. द्यायचं म्हटलं की मुलीनं द्यायचं, हे आमच्याकडं इतकं अंगवळणी पडलेलं आहे.

आईला पहिली बाटली चढली आणि चौथ्या दिवशी ती जिना चढून गच्चीवर गेली. मी खाली उभी राहून रडले. ते सुख मी नाकारणार नाही.

मग धैर्यशीलमामाचा फोन आला. मामाला आजार असा काही नव्हता, वय झालं होतं. "आईला दिलीस, आता मामावर काय माया हाय का न्हाई? तुझ्या लग्नात तुझ्यामागं मीच हुभा हुतो." लग्न टिकलं नाही तो भाग वेगळा, पण मामा उभा होता हे खरं. त्याला बाटली मिळाली आणि तो रोज सकाळी गावाला दोन फेऱ्या मारून भेटेल त्याला नाडी दाखवू लागला. मग मावशी. "माय मरो पण मावशी जगो म्हणतात गं," ती फोनवर हसत म्हणाली, आणि मग हसणं थांबवून म्हणाली, "कधी येऊ?" मावशीची मुलगी परदेशात. तेव्हाचे डॉक्टर कुणाला नाही म्हणत नव्हते. तिघंजण, प्रत्येकाचे चाळीस दिवस. म्हणजे दर तेरा-चौदा दिवसांनी माझा दंड.

गावाकडं मेन लाइनवर आकडा टाकून वीज ओढतात. मी असे शेकडो आकडे काढलेत, लोकांच्या शिव्या खाऊन. माझ्यावर पडलेले तीन मात्र मला दिसले नाहीत. दिसणार कसे? ते सगळे माझ्यावर प्रेम करत होते. मामा डझनानं अंडी पाठवायचा, मावशी खारीक-खोबरं. मी दमले म्हटलं की सगळे मिळून मला खायला घालायचे.

आई शिवणकाम करणारी. पन्नास वर्षं हातात सुई. बाटली दिली की घरी आल्यावर ती माझा दंड धरायची, सुईच्या जागेवर हळद-तेलाचं बोट टेकवायची आणि दाबून ठेवायची. मग फळीवरचा डबा काढून डिंकाचा एक लाडू माझ्या हातावर ठेवायची. एकच. "लई काढलं का गं आज?" असं विचारायची. मी म्हणायचे, "नेहमीएवढंच."

आणि मला दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम माझ्या धाकट्या भावाचं, समरजितचं. समरचं सायकलचं दुकान आहे. तो स्वतः शर्यतीत उतरतो, मिरज ते पन्हाळा एका दमात जातो. मी आत सुई लावून पडलेली असायचे आणि तो बाहेर स्कूटरपाशी शहाळं घेऊन उभा. मी आले की म्हणायचा, "तायडे, पी आधी." इतका गुणी भाऊ मी दुसरा पाहिलेला नाही.

समर सातव्या महिन्यात जन्मला. चौदाशे ग्रॅम. एकतीस दिवस काचेच्या पेटीत होता आणि रोज त्याच्या टाचेतून रक्त काढत. आईनं तेव्हा शपथ घेतली, ह्याच्या अंगाला पुन्हा सुई लागू देणार नाही. घरी आणल्यावर लशीसुद्धा द्यायला तयार नव्हती. मग वडील त्याला 'फिरवून आणतो' म्हणून सायकलवर न्यायचे आणि लस टोचून आणायचे. संध्याकाळी पोराला ताप यायचा. आई कपाळावर हात ठेवून म्हणायची, "दात यायलेत." वडील जाईपर्यंत ही गोष्ट सांगून हसायचे. "दात यायच्या आधीपासून दात येत होते त्याला," असं म्हणायचे. आई त्यावर एकदाही हसली नाही, आणि वडिलांना एकदाही जाब विचारला नाही.

मनोऱ्यावर अडकले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. जुने डॉक्टर गेले होते, त्यांच्या जागी डॉ. नाझनीन मुजावर आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं थेट. त्यांनी माझ्या तपासण्या पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"तीन जणांना देताय? तीन वर्षं? तुम्हाला कुणी थांबवलं नाही?"

"घरचेच आहेत," मी म्हटलं.

"तुमच्या स्नायूंत आता निम्म्याहून कमी कणिका उरल्यात. आजपासून एक वर्ष तुमचं दान बंद. मामा आणि मावशी यांना याची गरजच नाही, त्यांना मी सांगेन. तुम्ही थांबलात आणि रोज थोडं चढत राहिलात तर महिन्याभरात पाय परत येतील. व्यायामानं पेशी नव्या कणिका बनवतात."

"आणि आई?"

"त्यांना लागणारच. चाळीस दिवसांपलीकडं त्यांचं हृदय ओढणार नाही." त्या पडद्यावर काहीतरी शोधत होत्या. "पण तुमचा भाऊ का देत नाही?"

मी हसले. "तो कसा देईल? तो मुलगा आहे."

"मग?"

"हे फक्त मुलींकडं असतं ना?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. मग अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "मुलगे पुढच्या पिढीला देऊ शकत नाहीत. पण त्यांच्या अंगात असतात. आईच्याच, तुमच्या आहेत तशाच्या तशा. तुमच्या मामाच्या अंगातही आहेत, म्हणून तर तुमची बाटली त्यांना चालते."

इतकं साधं होतं ते. मामाला बाटली चालते, मग समरची आईला का चालणार नाही? तीन वर्षं ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती.

"हे आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं असणार," त्या म्हणाल्या आणि पडदा माझ्याकडं वळवला. आईचा पहिला फॉर्म होता. पात्र दाते: मुलगी शाल्मली, मुलगा समरजित. दुसऱ्या नावापुढं लिहिलं होतं, 'रुग्णाच्या इच्छेनुसार वगळला. कुटुंबाला कळवू नये.' खाली आईची सही, बारीक आणि सरळ, शिवणीच्या टाक्यासारखी.

खिडकीच्या काचेतून समर दिसत होता. मी दान द्यायला आलेच नव्हते, तरी सवयीनं तो शहाळं घेऊन उभा होता.

घरी आई मशीनवर बसलेली होती. मी दारातच उभी राहून विचारलं, "आई, समरचं तुला माहीत होतं?"

"काय?" मशीन चालूच.

"त्याच्या अंगात पण त्याच कणिका आहेत. तुला तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं. तू सही केलीस."

मशीन थांबलं. आईनं दोरा तोडला, कापडाची घडी घातली आणि ती मांडीवर ठेवली.

"सातव्या म्हैन्यात झालाय त्यो," ती म्हणाली. "काचंत हुता. एवढी टाच हुती त्याची, माझ्या करंगळीच्या नखाएवढी, आनि त्यातनं रगत काढायचे. तू न्हाई बघितलंस."

"आता तो तीस वर्षांचा आहे. पन्हाळ्याला सायकलनं जातो!"

"जाऊ दे की. मला त्यो काचंतलाच दिसतो."

"आणि मी? मी कशी दिसते?"

तिला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, ते तोंडावर दिसत होतं. "तू दांडगीच हुतीस की गं पहिल्यापासनं," ती म्हणाली. "साडेतीन किलो. तुला काय झालंय कवा?"

मला आयुष्यभर त्या शब्दाचा अभिमान होता. दांडगी शालू झाडावर चढते, दांडगी शालू खांबावर चढते. आईनं कौतुकानं ठेवलेलं ते नाव, आणि त्याच नावानं तिनं मला जुंपलं होतं. मला राग आला, खूप आला, आणि त्याच वेळी तिच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. चाळीस दिवस संपत आले की ती अशी उडायची.

"आई, मी काल मनोऱ्यावर अडकले होते. पन्नास मिनिटं. खाली येता येईना." मग मी बारा वर्षं ती ऐकत आलेल्या भाषेत सांगितलं. "मी आता माझ्यावर एलसी घेतलीय. मी परत करेपर्यंत कुणी स्विच लावायचा नाही. समर देईल."

तिनं घडी बाजूला ठेवली. "तू घे. तुझं बरोबर हाय. मी तुला अडवत न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "पर समरच्या अंगाला सुई लागली तर ती बाटली मी घेणार न्हाई. मग माझं हुईल ते हुईल. शपत हाय माझी."

पुढचे पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. माझं दान डॉक्टर घेईनात, समरचं आई घेईना. ती रुसली नव्हती, चिडलेलीही नव्हती. सकाळी उठून भाकऱ्या करायची, मध्येच पाटावर बसायची, श्वास घ्यायची, पुन्हा उठायची. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबायची. मला ते थांबणं ओळखीचं होतं. मी दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आले, डॉक्टरांच्या पाया पडून 'माझंच काढा' म्हणावं म्हणून. दोन्ही वेळा परत आले, आणि परत आले म्हणून स्वतःचीच घृणा वाटली.

सहाव्या दिवशी मी समरला सांगितलं. तो दुकानात चाकाची तार ताणत बसला होता. ऐकून त्यानं चाक खाली ठेवलं.

"म्हणजे तीन वर्षं मी शहाळं घेऊन नुसता भाईर हुभा ऱ्हायलो?" तो म्हणाला. मग हात पुसून उठला. "चल."

"आई घेणार नाही, समर. शपथ घातलीय."

"आईला कोण सांगतंय?"

डॉ. नाझनीन यांनी लगेच नकारार्थी मान हलवली. "रुग्णाच्या संमतीशिवाय नाही. पण त्यांनी 'वंशातला कुणीही दाता' या फॉर्मवर सही केली, तर कुणाची बाटली हे सांगायचं बंधन माझ्यावर नाही. फॉर्म त्यांना नीट वाचून दाखवा." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

मी वाचून दाखवला नाही. घरातले सगळे फॉर्म मीच भरते; विम्याचे, रेशनचे, दवाखान्याचे. आईनं चष्माही लावला नाही. "कुठं करू?" तिनं विचारलं. मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. तिनं मला एका फॉर्मवर अडकवलं होतं, मी तिला दुसऱ्यावर.

पेन परत देताना ती म्हणाली, "एलसी परत केलीस व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. बारा वर्षांत मी कधी खोटी एलसी परत केली नव्हती.

मग एक अडचण उरली, ती मला ऐन दिवशी सुचली. आई माझा दंड बघणार होती. बघणार आणि हळद लावणार. मी दवाखान्यातल्या सिस्टरना सांगितलं, मला सुई टोचा. "कशाला?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आईसाठी. त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर फायलीत बघत राहिल्या. पलीकडच्या खाटेवर समर झोपला होता, आयुष्यात पहिल्यांदा जाणतेपणी सुई लावून, आणि छताकडं बघून हसत होता. सिस्टरनी मला रिकामी सुई टोचली आणि कापूस लावला.

घरी आईनं दंड हातात घेतला, उजेडाकडं वळवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितला. पन्नास वर्षं सुई धरलेली बाई. कुठल्या भोकातून दोरा गेला आणि कुठलं नुसतंच टोचलंय, हे तिला अंधारातही कळतं. तिनं हळदीचं बोट टेकवलं.

"लई काढलं का गं आज?"

"नेहमीएवढंच."

डबा काढून तिनं माझ्या हातावर लाडू ठेवला. बाटली चढल्यावर चौथ्या दिवशी ती गच्चीवर गेली.

मी रोज चढत होते. आधी दहा पायऱ्या, मग वीस, मग इरगोंडाकाकांच्या सबस्टेशनातला अख्खा खांब. खाली खुर्ची टाकून पान चघळत काका मोजायचे. परीक्षेच्या दिवशी पंचेचाळीस मीटर मी अकरा मिनिटं पन्नास सेकंदांत चढले. वर पोचल्यावर कृष्णेचं वळण दिसलं, उसाची रानं दिसली, आणि पाय माझे होते. मी एकटीच वर मोठ्यानं हसले. त्या दहा सेकंदांत मला कुणाचीच आठवण आली नाही.

आता मी पथकात आहे. कधी चंद्रपूरच्या बाजूला असते, कधी नंदुरबारच्या. पण दर चाळीस दिवसांनी रजा टाकून मिरजेला येते. पथकातल्या लोकांना वाटतं, आईला बाटली द्यायला जाते. मी येते ती रिकामी सुई टोचून घ्यायला.

मे महिन्यातली गोष्ट. समर जेवायला बसला होता, त्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. बाटली देऊन दुसराच दिवस, त्यामुळे चेहरा उतरलेला, घास हळूहळू खात होता. मी आईकडं बघायचं टाळत होते.

आई उठली. समरच्या मागून जाताना तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"उन्हात सायकल लई चालवतोय," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. "म्हणून दमतोय."

मग तिनं फळीवरचा डबा काढला. त्यातून दोन लाडू घेतले. एक माझ्या हातावर ठेवला. दुसरा समरच्या ताटाच्या कडेला ठेवला, आणि पाठ फिरवून डबा परत लावायला गेली.

समरनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. मला वडिलांची सायकल आठवली, आणि दात येण्याचा ताप.

तिला कळलं होतं. बहुतेक पहिल्याच दिवशी, माझा दंड उजेडाकडं वळवला तेव्हाच. पण आमच्यातल्या एकानं जरी ते तोंडातून काढलं, तर तिला शपथ पाळावी लागेल आणि बाटली नाकारावी लागेल. म्हणून ती बोलत नाही, मी बोलत नाही, आणि समर उन्हाळ्यात बाह्या दुमडत नाही. आम्ही तिघंही एकमेकांना जिवंत ठेवतो आणि त्यातून कुणालाच बाहेर पडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघताना तिनं पुन्हा माझा दंड धरला. तिथं आता एक लाल ठिपका होता, फक्त कातडीपुरता. तिनं हळदीचं बोट टेकवलं आणि दाबून धरलं, जिथून काहीच काढलेलं नव्हतं तिथं.

"लई काढलं का गं ह्या खेपंला?" तिनं विचारलं.

"नेहमीएवढंच," मी म्हटलं. दारात स्कूटर चालू करून समर पाठमोरा उभा होता, आणि त्यानं मागं वळून पाहिलं नाही.